देवगिरीची लेक, दिल्लीची राणी

मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पूर्णा जंक्शन मागे पडले, की परभणी जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकाला चुडावा हे लहानसे स्थानक लागते. याच लोहमार्गावर पश्चिमेकडे, छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे, लासूर आणि दौलताबाद ही दोन स्थानके आहेत. गोदावरी आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतला हा सलग पट्टा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्याचा गाभा होता. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे आणि हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याचे नागनाथ मंदिर पाहिले, की त्या वैभवाची कल्पना येते. गंगाखेडची जनाबाई आणि नरसीचे नामदेव हेही याच काळातले, याच मुलखातले.

या राज्याच्या शेवटच्या पर्वात देवगिरीच्या राजवाड्यातील एक मुलगी दिल्लीच्या सुलतानाची राणी झाली. तिचा मुलगा काही आठवडे का होईना, दिल्लीच्या तख्तावर बसला. मराठी मुलखातील राजकन्येचा पुत्र हिंदुस्थानचा सुलतान झाला, ही घटना लहान नव्हे. तरीही शालेय पुस्तकांतून रामदेवराय यादव, हेमाद्री, अल्लाउद्दीन खिलजी आणि मलिक काफूर ही नावे पाठ झालेल्या मराठी वाचकाला या राणीचे नाव सहसा ठाऊक नसते. फारसी इतिहासग्रंथांत ते ‘झट्यपाली’ असे येते.

नावाची गोष्ट

‘झट्यपाली’ हे त्या मुलीचे घरचे नाव असणे शक्य नाही. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत आणि ‘क्ष’साठी स्वतंत्र अक्षर नाही. नकलाकारागणिक टिंबे इकडची तिकडे होतात आणि भारतीय नावांची ओळख पटेनाशी होते. काही अभ्यासकांच्या मते मूळ नाव ‘क्षेत्रपाली’ असावे. काहींनी ‘ज्येष्ठा’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला. उत्तर भारतातील लोककथेने तिला ‘छिताई’ म्हटले. त्या कथेचा विचार पुढे येईलच. मात्र ही सारी नावे बाहेरच्यांनी दिलेली आहेत.

यादवांच्या घराण्यात राण्यांची नावे नोंदवण्याची रीतच नव्हती, असेही नाही. उलट, ज्या विवाहाने घराण्याची प्रतिष्ठा वाढली, त्या विवाहातील राणीचे नाव प्रशस्तीत आवर्जून येते. यादव जेव्हा केवळ मांडलिक होते, तेव्हा राष्ट्रकूट आणि चालुक्य घराण्यांतील मुली सून म्हणून आणल्याचा उल्लेख त्यांनी अभिमानाने केला. तिसऱ्या भिल्लमाने चालुक्य सम्राट जयसिंहाच्या कन्येशी विवाह केला, हे त्यांपैकी ठळक उदाहरण. सोयरिकीतून सत्ता मिळवणे आणि टिकवणे हा या घराण्याचा जुना परिपाठ होता. दिल्लीशी झालेल्या सोयरिकीबद्दल मात्र यादवांच्या बाजूने कोणीही काही कोरून ठेवले नाही. शके १२३२ म्हणजे सन १३१० मधील पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. बीड जिल्ह्यात गोदाकाठी सापडलेल्या या ताम्रपटाचे वाचन वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केले. त्यात रामदेवरायाने वाराणसी म्लेच्छांपासून मुक्त केल्याचे आणि तेथे शार्ङ्गधराचे मंदिर उभारल्याचे वर्णन आहे. हे दानपत्र कोरले गेले, तेव्हा रामदेवराय दिल्लीचा मांडलिक होऊन दोन वर्षे उलटली होती आणि त्याची लेक दिल्लीच्या अंतःपुरात होती.

माहेर

या राजकन्येचे माहेर समजून घेतल्याशिवाय पुढची कथा उलगडत नाही. तिचे वडील रामदेवराय (शिलालेखांतील रामचंद्र) हे कृष्णदेव यादवाचे पुत्र. कृष्णदेवानंतर १२६१ मध्ये त्याचा भाऊ महादेव गादीवर आला. महादेवाने आपल्यामागे स्वतःचा मुलगा आमणदेव याला राज्य मिळावे, अशी व्यवस्था केली. रामदेवाला ते मान्य नव्हते. महानुभाव वाङ्मयातील हकिकतीनुसार तो आपल्या माणसांसह नटनर्तकांच्या वेषात देवगिरीच्या किल्ल्यात शिरला आणि खेळ रंगात आला असताना त्याने आमणदेवाला पकडले. हे वर्ष १२७१. पराभूत चुलतभावाचे डोळे काढण्यात आले, असेही त्या वाङ्मयात सांगितले आहे. राजपुत्राला आंधळे करून गादीवरचा त्याचा हक्क संपवण्याची ही रीत मध्ययुगात दिल्लीची म्हणून ओळखली जाते. ती देवगिरीलाही अनोळखी नव्हती.

रामदेवरायाची राजवट सुमारे चाळीस वर्षांची. या काळात हेमाद्रीसारखा प्रकांड पंडित राज्याचा करणाधिप होता. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि तिच्या समारोपात याच राजाचा गौरवाने उल्लेख आला. चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ याच काळात वाढला. महानुभाव ग्रंथांत रामदेवरायाच्या राणीचे नाव कामाइसा असे येते आणि पंथाशी तिचा भक्तिभावाचा संबंध सांगितला जातो. राजवाड्यात संस्कृतचा दरबार आणि मराठीचा जिव्हाळा दोन्ही होते, असे म्हणण्यास आधार आहे. राजाच्या मुलांपैकी सिंघण ऊर्फ शंकरदेव आणि भिल्लम यांचा उल्लेख फारसी ग्रंथांत येतो. हरपालदेव हा रामदेवरायाचा जावई म्हणून ओळखला जातो. म्हणजे झट्यपालीचे दोन भाऊ आणि एक मेहुणा यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत; या तिघांपैकी दोघांचा शेवट दिल्लीशी लढण्यात झाला.

१२९६ : लासूरची खिंड

सन १२९६ मध्ये अल्लाउद्दीन सुलतान नव्हता. चुलता आणि सासरा असलेल्या जलालुद्दीन खिलजीचा तो गंगाकाठच्या कडा येथील सुभेदार होता. दिल्लीचे तख्त बळकवायचे तर पैसा हवा आणि पैसा दक्षिणेत आहे, हे त्याने हेरले होते. चुलत्याला पत्ता लागू न देता काही हजार स्वारांनिशी त्याने विंध्य ओलांडला आणि एलिचपूरमार्गे (आजचे अचलपूर) तो देवगिरीवर चालून आला. वाटेत ‘लाजौरा’च्या घाटात यादवांचा अधिकारी कान्हा याने त्याला अडवले. हे ठिकाण म्हणजे आजचे लासूर, असे अभ्यासक मानतात. कान्हाच्या बाजूने दोन स्त्रियांनी तलवार गाजवली आणि त्यांच्या शौर्याने तुर्की स्वारांना क्षणभर मागे रेटले, असे इसामी हा फारसी इतिहासकार लिहितो. शत्रूच्या बाजूच्या लेखकाने दिलेली ही दाद आहे. म्हणून ती महत्त्वाची. त्या दोघींची नावे मात्र त्यालाही मिळाली नाहीत.

रामदेवरायाची मुख्य फौज त्या वेळी राजपुत्राबरोबर राजधानीपासून दूर होती. राजा किल्ल्यात कोंडला गेला. शहर लुटले गेले. दिल्लीची वीस हजार फौज मागून येत आहे, अशी आवई अल्लाउद्दीनने उठवून दिली. राजा तहाला तयार झाला, पण तेवढ्यात राजपुत्र फौजेसह परतला आणि वडिलांचा निरोप न जुमानता लढाईला उभा राहिला. त्यात तो हरला. फरिश्ता हा नंतरच्या काळातील इतिहासकार सांगतो, की किल्ल्यात घाईघाईने चढवलेली धान्याची पोती उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, पुढल्या पिढ्यांना देवगिरीच्या पराभवाचे कारण म्हणून ती पटली, एवढे निश्चित. फरिश्त्याने दिलेला खंडणीचा आकडा सहाशे मण सोने, सात मण मोती, दोन मण जडजवाहीर, हजार मण चांदी असा आहे. शिवाय एलिचपूर प्रांताचा वसूल दरसाल द्यायचा होता.

या तहात आणखी काही दिले गेले का? ‘वस्साफ’ या पदवीने ओळखला जाणारा इराणी इतिहासकार सांगतो, की जीव वाचवण्यासाठी रामदेवरायाने आपली मुलगीही अल्लाउद्दीनला दिली. वस्साफ इराणात बसून लिहीत होता. हिंदुस्थान त्याने पाहिलेला नव्हता. तथापि तो या घटनांचा समकालीन होता आणि व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या बातम्या टिपून ठेवणारा होता. त्यामुळे त्याचे विधान सहज झटकून टाकता येत नाही. काही इतिहासकार या विवाहाचे वर्ष १२९६ धरतात, तर काहींच्या मते तो १३०७-०८ च्या दुसऱ्या स्वारीनंतर, रामदेवराय दिल्लीहून परतताना ठरला असावा. तिच्या मुलाचे वय दुसऱ्या मताला सोयीचे आहे. १३१६ मध्ये तो पाच-सहा वर्षांचा होता, म्हणजे जन्म १३१० च्या आसपासचा. परंतु लग्नानंतर चौदा वर्षांनी मूल होण्यात अशक्य काही नाही. वस्साफची साक्ष आणि खंडणीच्या तहाचे स्वरूप पाहता १२९६ हे वर्ष अधिक संभवनीय वाटते. तसे असेल, तर ही मुलगी सुलतानाची राणी म्हणून देवगिरीहून निघाली नाही. ती एका बंडखोर सुभेदाराच्या हाती दिली गेली. सोन्याच्या मणांबरोबर मोजलेली एक वस्तू, एवढीच तिची त्या तहातील किंमत होती. त्याच वर्षी अल्लाउद्दीनने चुलत्याचा खून करून तख्त घेतले आणि मग ती राणी झाली.

दिल्लीचे अंतःपुर

अल्लाउद्दीनच्या राण्यांत जलालुद्दीनची मुलगी ही पहिली पत्नी. सरदार अल्पखानाची बहीण माहरू ही दुसरी. थोरला राजपुत्र खिज्रखान तिचा. तिसरी गुजरातच्या कर्ण वाघेल्याची राणी कमलादेवी. १२९९ मध्ये उलुघखान आणि नुसरतखान यांनी गुजरात जिंकले, तेव्हा ती पकडली गेली. त्याच स्वारीत खंबायतच्या बाजारपेठेतून एक गुलाम दिल्लीला नेण्यात आला. पुढे तो ‘हजार दिनारी’ मलिक काफूर म्हणून प्रसिद्ध झाला. झट्यपालीच्या आयुष्यात या गुलामाचे स्थान नवऱ्याच्या खालोखाल आहे.

कमलादेवीची कथा आणि देवगिरीच्या लेकीची कथा एका चमत्कारिक ठिकाणी एकमेकींना भिडतात. राज्य गेल्यावर कर्ण वाघेला बागलाणात आला आणि रामदेवरायाच्या आश्रयाने राहू लागला. त्याची मुलगी देवलदेवी त्याच्याबरोबर होती. राजपुत्र शंकरदेवाने तिला मागणी घातली. आधी नाखूश असलेल्या कर्णाने अखेर होकार दिला आणि मुलीला देवगिरीकडे रवाना केले. इकडे कमलादेवीला आपली मुलगी जवळ हवी होती. दिल्लीहून फौजा सुटल्या. फरिश्त्याच्या सांगण्यानुसार वेरूळची लेणी पाहण्यास गेलेल्या काही सैनिकांची देवगिरीच्या पथकाशी गाठ पडली आणि देवलदेवी त्यांच्या हाती सापडली. पुढे खिज्रखानाशी तिचा विवाह झाला. जी मुलगी भावाची बायको म्हणून देवगिरीला यायची, ती दिल्लीत झट्यपालीच्या सावत्र मुलाची बायको झाली. अमीर खुस्रोने देवलदेवी आणि खिज्रखान यांच्यावर दीर्घ प्रेमकाव्य रचले. यादवांच्या लेकीच्या वाट्याला असा कवी आला नाही.

बापाचा मान, भावाचा प्राण

तीन-चार वर्षे देवगिरीची खंडणी थकली, तेव्हा १३०७-०८ मध्ये मलिक काफूर मोठी फौज घेऊन आला. इसामीच्या मते खुद्द रामदेवरायानेच दिल्लीला गुप्त निरोप धाडला होता, की भिल्लम आणि त्याचे साथीदार आपले ऐकत नाहीत; बंड त्यांचे आहे, आपले नाही. हा निरोप खरा असेल तर देवगिरीच्या घरातच दोन तट पडले होते. एक दिल्लीला जावयाचे घर मानणारा आणि दुसरा ते नाते नाकारणारा.

रामदेवराय कैद होऊन दिल्लीला गेला. पण तेथे कैद्यासारखा राहिला नाही. सहा महिने त्याचा पाहुणचार झाला. ‘राय-ए-रायान’ हा किताब, छत्र, एक लाख सोन्याचे टंके आणि गुजरातेतील नवसारीचा प्रदेश देऊन सुलतानाने त्याला परत पाठवले. जिंकलेल्या कोणत्याही दुसऱ्या राजाला अल्लाउद्दीनने इतक्या सन्मानाने वागवलेले दिसत नाही. चित्तोड, रणथंभोर, जालोर यांची गत पाहिली, की हा फरक डोळ्यांत भरतो. वरंगळ आणि द्वारसमुद्राच्या स्वाऱ्यांसाठी देवगिरी हा तळ हवा होता, हे त्यामागचे राजकारण उघड आहे. पण सासरा-जावयाचे नाते त्याला पूरक ठरले असणार. रामदेवरायानेही शब्द पाळला. १३०९ च्या वरंगळच्या मोहिमेला त्याने रसद पुरवली. १३११ मध्ये होयसळांच्या द्वारसमुद्रावर जाणाऱ्या काफूरला वाट दाखवण्यासाठी परसदेव दळवी हा यादवांचा सरदार पुढे झाला. दक्षिणेतील इतर राज्ये बुडवण्यास देवगिरीने हातभार लावला, हे कटू सत्य यादवांचा गौरव करताना बहुतेक वेळा गाळले जाते.

१३११ च्या सुमारास रामदेवराय वारला आणि शंकरदेव गादीवर आला. त्याने दिल्लीचे वर्चस्व झुगारले. १३१३ मध्ये काफूर पुन्हा चालून आला. फरिश्ता म्हणतो शंकरदेव मारला गेला. इसामीच्या मते तो निसटला. काहीही असले तरी त्यानंतर देवगिरीचा कारभार काफूर स्वतः पाहू लागला. १३१५ मध्ये सुलतान आजारी पडल्याने त्याला दिल्लीला बोलावले जाईपर्यंत तो येथेच होता.

तख्तावरचे पाच वर्षांचे मूल

आजारी सुलतानाभोवती राजवाड्यात जो खेळ चालला, त्यात काफूरने सारे प्रतिस्पर्धी एकेक करून दूर केले. खिज्रखानाचा मामा अल्पखान मारला गेला. खिज्रखान ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद झाला. ४ जानेवारी १३१६ रोजी अल्लाउद्दीन मरण पावला. काफूरने सुलतानाचे मृत्युपत्र म्हणून एक कागद पुढे केला आणि झट्यपालीचा मुलगा शिहाबुद्दीन उमर याला तख्तावर बसवले. खिज्रखान आणि शादीखान या सावत्र भावांचे डोळे काढण्यात आले.

मग काफूरने बालसुलतानाच्या आईशी लग्न केले. काफूर खोजा होता. त्यामुळे फारसी लेखकांना हा विवाह थट्टेचा विषय वाटला. त्यामागचा हेतू मात्र साधा होता. सुलतानाचा सावत्र बाप म्हणवून घेतल्याने कारभारावरचा हक्क पक्का होत होता. या लग्नाकडे देवगिरीच्या बाजूने पाहिले तर त्याचे भीषण रूप दिसते. याच माणसाने तिच्या वडिलांना कैद करून दिल्लीला आणले होते. याच माणसाने तिच्या भावाचे राज्य बुडवले होते. आता मुलाचा जीव आणि तख्त दोन्ही त्याच्या मुठीत होते. तिची संमती होती का, हा प्रश्न कोणत्याही इतिहासकाराने विचारलेला नाही. विचारून उपयोगही नव्हता.

हा सत्तेचा डाव सुमारे पस्तीस दिवस टिकला. अल्लाउद्दीनच्या जुन्या पाइकांनी, म्हणजे राजवाड्यावर पहारा करणाऱ्या शिपायांनी, काफूरला ठार केले. कैदेतील राजपुत्र मुबारक बाहेर आला आणि लहान भावाचा कारभारी झाला. काही आठवडे त्याने सुलतानाच्या नावाने कारभार चालवला. त्यानंतर शिहाबुद्दीनच्या आईने आपल्याला विष देण्याचा कट केला, असा आरोप त्याने ठेवला. एप्रिल १३१६ मध्ये मुलाला पदच्युत करून ग्वाल्हेरला धाडण्यात आले आणि त्याचे डोळे काढण्यात आले. मुबारक ‘कुत्बुद्दीन’ या नावाने सुलतान झाला.

विषाचा आरोप खरा की खोटा? ज्याला तख्त हवे होते, त्याचाच हा आरोप असल्याने त्यावर विसंबणे कठीण. पण तो खरा असला, तरी तिला दोष देता येईल का, हा वेगळा मुद्दा. कारभारी झालेला सावत्र भाऊ पुढे काय करतो, हे खिलजींच्या घरात वीस वर्षे काढलेल्या बाईला कोणी सांगायला नको होते. तिच्या हयातीत तिच्या नावावर नोंदलेली स्वतःची अशी ही एकच कृती आहे आणि तीही शत्रूने लावलेल्या आरोपाच्या रूपात. यानंतर इतिहासग्रंथांतून ती नाहीशी होते.

१३१८ : एकाच मोहिमेत दोन बळी

दिल्लीतील गोंधळाचा फायदा घेऊन देवगिरीत हरपालदेवाने यादवांची सत्ता पुन्हा उभी केली. रामदेवरायाचा जुना अधिकारी राघव त्याच्याबरोबर होता. १३१८ मध्ये कुत्बुद्दीन मुबारक स्वतः दक्षिणेत उतरला. हरपालदेव डोंगरात हटून लढला, पण पकडला गेला. त्याची कातडी सोलून देवगिरीच्या दरवाजावर टांगण्यात आली, असे बरनी लिहितो. यादवांचे राज्य येथे संपले. आजवर खंडणीवर सोडलेल्या या मुलखात आता दिल्लीचे अधिकारी आणि ठाणी बसली. देवगिरीच्या पायथ्याशी मोठी जामा मशीद उभी राहिली. जुन्या मंदिरांच्या खांबांवर तोललेली ही वास्तू पुढे भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाऊ लागली. दौलताबादला जाणारा प्रत्येक पर्यटक तिच्यासमोरून जातो.

परतीच्या वाटेवर सुलतानाविरुद्ध एक कट उघडकीस आला. कटवाल्यांची मुंडकी उडालीच, पण ग्वाल्हेरच्या कैदेत असलेल्या आंधळ्या भावांचीही धास्ती मुबारकला वाटू लागली. त्याने मारेकरी पाठवला. खिज्रखान, शादीखान आणि शिहाबुद्दीन उमर असे तिघेही मारले गेले. रामदेवरायाचा जावई आणि त्याचा नातू, दोघेही एकाच मोहिमेत संपले. नातवाचे वय आठ वर्षांच्या आसपास होते.

तिचे नाव कोणी जपले

झट्यपालीचे नाव आपल्यापर्यंत आले, ते मुख्यतः इसामीमुळे. हा इसामी कोण, हे जाणून घेण्यासारखे आहे. दिल्लीतील एका जुन्या प्रतिष्ठित घराण्यातला हा मुलगा. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली आणि दिल्लीकरांना सक्तीने दक्षिणेकडे निघावे लागले, तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. नव्वद वर्षांच्या आजोबांनी पहिल्याच टप्प्यावर प्राण सोडला. नातू दौलताबादला पोहोचला आणि येथेच वाढला. बहामनी राज्याच्या संस्थापकाच्या आश्रयाने १३४९-५० मध्ये त्याने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे पद्यमय इतिहासकाव्य पूर्ण केले. झट्यपालीच्या माहेरच्या गावात, तिच्या वडिलांच्या किल्ल्याच्या सावलीत, तिच्या मुलाच्या मृत्यूनंतर तीसएक वर्षांनी हा ग्रंथ लिहिला गेला. यादवांच्या काळातील म्हातारी माणसे तेव्हा हयात होती. लासूरच्या दोन लढवय्या स्त्रिया, रामदेवरायाचा गुप्त निरोप आणि राजकन्येचे नाव या तपशिलांचा आढळ एकाच ग्रंथात व्हावा, हा योगायोग नव्हे. दिल्लीच्या इतिहासकारांना देवगिरीच्या घरातील गोष्टींत रस नव्हता. इसामीने त्या देवगिरीतच ऐकल्या असणार.

लोकांनी मात्र तिची कथा आपल्या मनासारखी बदलून घेतली. उत्तर भारतात नारायणदास या कवीने रचलेल्या ‘छिताई वार्ता’ या हिंदी आख्यानकाव्यात रामदेवाची मुलगी छिताई द्वारसमुद्राच्या राजपुत्राला दिलेली आहे. दिल्लीच्या चितारऱ्याने काढलेले तिचे चित्र पाहून अल्लाउद्दीन देवगिरीला वेढा घालतो आणि देवदर्शनाला निघालेल्या छिताईला पकडून नेतो. पण तिचे मन वळत नाही. जोगी झालेला तिचा नवरा वीणा वाजवत दिल्लीला पोहोचतो, सुलतान त्याच्या वादनावर प्रसन्न होतो आणि छिताईला त्याच्या हाती सोपवतो. जायसीच्या ‘पद्मावता’तही छिताईचा उल्लेख येतो. प्रत्यक्षात जी कधी परतली नाही, तिला कवीने परत आणले. यातील द्वारसमुद्राचा राजपुत्र, वीणा आणि सुलतानाचे औदार्य या सगळ्या कल्पना आहेत. देवगिरीच्या राजाची मुलगी दिल्लीला नेली गेली, एवढा मात्र त्यातला इतिहास. पद्मिनीची कथा घराघरांत पोहोचली आणि छिताईची पोथ्यांत राहिली, याचे एक कारण कदाचित तिचा सुखान्त शेवट हे असेल.

महाराष्ट्रात तिच्या घराण्याची आठवण वेगळ्याच ठिकाणी उरली. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रकाशित केलेल्या महिकावतीच्या बखरीत, देवगिरी पडल्यावर रामदेवरायाचा मुलगा बिंबदेव आपल्या माणसांसह कोकणात उतरल्याची आणि त्याने माहीमला राजधानी केल्याची हकिकत आहे. मुंबई आणि वसई-पालघर पट्ट्यातील अनेक ज्ञातींच्या कुळकथा या स्थलांतराशी जोडलेल्या आहेत. बखरीतील कालगणनेबद्दल मतभेद असले, तरी यादवांचा एखादा मुलगा वाचला आणि समुद्राकाठी नवे घर थाटून राहिला, ही समजूत त्या कुळांनी शतकानुशतके जपली. दिल्लीला गेलेल्या लेकीचे नाव त्या बखरीत नाही.